आयर्विनला किती झालं? पावसाआधी आपल्या घराचा आकडा काढून ठेवा

सांगलीत जुलै लागला की चहाच्या गाड्यावर, भाजी मंडईत, शाळेच्या गेटवर सगळीकडं एकच प्रश्न ऐकू येतो, आयर्विनला किती झालं? बाहेरगावच्या माणसाला कळतच नाही हे काय चाललंय. तर कृष्णेवरचा आयर्विन हा आमचा जुना पूल, १९२९ सालचा, आणि त्याच्याजवळ नदीची पातळी फुटात मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या लहान पोरालासुद्धा पाठ असतात. पण मला आज जे सांगायचंय ते ह्या दोन आकड्यांबद्दल नाहीये, तिसऱ्या आकड्याबद्दल आहे जो पेपरात येत नाही आणि कुठल्याही ॲपवर दिसत नाही. तो म्हणजे तुमच्या स्वतःच्या घराचा आकडा. आयर्विनला किती फूट झाल्यावर तुमच्या पायरीला पाणी लागतं, हे तुम्हाला माहितीय का?

अजून पाऊस सुरू व्हायचाय, नदी तळाला आहे, म्हणून आत्ताच लिहितेय. ऑगस्टमध्ये हे वाचून काही उपयोग नाही, तेव्हा सगळ्यांचे हात सामान माळ्यावर टाकण्यात गुंतलेले असतात.

आमच्या भागात पूर काही नवीन नाही. २००५ ला आला तेव्हा आयर्विनला ५३ फुटांच्या आसपास गेलं होतं आणि सगळ्यांना वाटलं की आता ह्याच्यापेक्षा मोठं काही होणार नाही. हरिपूरची जमिनीखालची हळदीची पेवं त्या वेळी पाण्यात गेली, पिढ्यानपिढ्या ज्या पेवांत हळद राखली ती अशी गेली, तेव्हा लोक म्हणाले हा शंभर वर्षांतला पूर. मग २०१९ चा ऑगस्ट आला आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आणि दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, परत ५४ च्या पुढं. म्हणजे सोळा वर्षांत निदान तीनदा, आणि तिन्ही वेळा ५० च्या वर.

आता २०१९ ला सगळ्यात जास्त कोण अडकलं? मी जेवढं बघितलं त्यात नवीन राहायला आलेली माणसं कमी होती, जुनी जास्त. कारण त्यांच्याकडं २००५ ची आठवण होती. आमच्या गल्लीत एका आजोबांनी २००५ च्या पाण्याची खूण दाराच्या चौकटीवर निळ्या ऑइलपेंटने मारून ठेवलेली होती, कमरेएवढी, खाली साल लिहिलेलं. २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांनी अगदी पद्धतशीरपणे घरातलं सगळं त्या खुणेच्या हातभर वर नेलं. ज्वारीची पोती कॉटवर, कॉटखाली विटा, कपाटाचे खालचे दोन खण रिकामे, फ्रीज टेबलावर. आणि मग निवांत बसले, म्हणाले आता काय यायचं ते येऊ दे. त्यांना शेवटी बोटीतनं काढावं लागलं आणि पाणी उतरल्यावर बघितलं तर नवीन खूण जुन्या निळ्या रेघेच्या चांगली चार फूट वर होती, भिंतीवर चिखलाची सरळ पट्टी उमटलेली. पोती, फ्रीज, कपाट सगळं गेलं. माणूस हुशार, अनुभवी, तयारी केलेला. फक्त तयारी मागच्या पुराची केलेली.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं ना की "आमच्याकडं २००५ ला आलं नव्हतं" किंवा आता नवीन सुरू झालंय "२०१९ ला उंबऱ्यापर्यंतच आलं होतं", तेव्हा मला फार भीती वाटते. आधी कुठवर आलं होतं हे माहीत असणं चांगलंच आहे, पण पाणी तिथंच थांबेल असं कुणी लिहून दिलेलं नाही.

तर आकडा कसा काढायचा ते सांगते, सोपं आहे, एका रविवारी होतं. पहिलं म्हणजे गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारायचं की आपल्या कोपऱ्यावर पाणी आलं त्या दिवशी आयर्विनला किती होतं. बायकांना विचारा, त्यांना जास्त नीट आठवतं कारण स्वयंपाकघर कधी आवरलं ते त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. दुसरं, त्या वेळचे फोनमधले फोटो काढून बघायचे. फोटोवर तारीख वेळ असते आणि त्या दिवसाची पातळी त्या वेळच्या बातम्यांमध्ये सापडते, दोन्ही जुळवलं की झालं. सांगलीत साधारण असं आहे की चाळीस फुटांच्या आसपास सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, इनामदार प्लॉट ह्या भागात पाणी शिरायला लागतं आणि मग फूट फूट करत ते मारुती चौक, टिळक चौक, स्टेशन चौकाकडं सरकतं. पण "साधारण" वर राहू नका, तुमच्या गल्लीला उतार आहे का चढ आहे, मागं नाला आहे का, ह्याने दोन-तीन फुटांचा फरक सहज पडतो.

आणि इथं खरी गोम आहे. बहुतेक लोक घराचा आकडा काढतात आणि तिथंच थांबतात. काढायचा असतो रस्त्याचा आकडा. आमचं घर जोत्यावर आहे, पायरीला पाणी लागतं ते आयर्विनला ४७ झाल्यावर. पण आमच्या गल्लीतून बाहेर पडायचा जो रस्ता आहे तो नाल्याजवळ खोलगट आहे, तिथं ४३ लाच गुडघाभर पाणी असतं. म्हणजे घर कोरडं ठणठणीत, घरात बसून टीव्ही बघताय, आणि बाहेर पडायचा रस्ता बंद! त्यामुळं आमच्या घरचा निघायचा आकडा ४७ पण नाही आणि ४५ पण नाही, तो ४१ आहे. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहून लावलाय, "३८ - सामान वर. ४१ - आई, पोरं बाहेर. ४३ - रस्ता बंद." सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता यावं एवढं मोठं. हा कागद लावल्यापासून घरातली एक गोष्ट कायमची बंद झाली, ती म्हणजे जायचं का नाही जायचं ह्याच्यावरची वादावादी. पूर आला की घराघरात हीच भांडणं होतात बघा, एक म्हणतो अजून थोडं बघू, दुसरी म्हणते आत्ता निघू, आणि त्यात चार तास जातात. निर्णय कोरड्यात घेऊन ठेवला की त्या वेळी फक्त आकडा बघायचा.

घर निळ्या रेषेत आहे का लाल रेषेत हेही महापालिकेतनं किंवा पाटबंधारे खात्याकडून बघून घ्या. नदीच्या बाजूनं ह्या पूररेषा आखलेल्या असतात, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. नवीन फ्लॅट किंवा प्लॉट घेणाऱ्यांनी तर हे बघितल्याशिवाय टोकन देऊच नये. स्वस्त प्लॉट स्वस्त का आहे ह्याचं उत्तर बरेचदा तिथंच असतं.

आता पाणी येतं कसं ते थोडं. आपल्याला वाटतं सांगलीत पाऊस पडला की पूर. तसं नसतं, इथं ऊन पडलेलं असताना सुद्धा पाणी चढत असतं. वर महाबळेश्वर, कोयना, चांदोली ह्या पट्ट्यात काय चाललंय त्यावर सगळं असतं. कोयना धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), वारणेचं चांदोली ३४ टीएमसीचं. ही धरणं भरत आली की विसर्ग, म्हणजे धरणातनं सोडायचं पाणी, वाढवतात, शिवाय धरणांच्या खालच्या भागात पडलेला पाऊस तर कुठल्याच दरवाज्याला न विचारता थेट नदीत येतो. २०१९ ला कोयनेतनं लाखाच्या वर क्युसेक, म्हणजे सेकंदाला लाखाच्या वर घनफूट पाणी सोडलेलं आणि वारणा हरिपूरला येऊन कृष्णेला मिळते तीही फुगलेली, म्हणजे पुढचं पाणी मागच्या पाण्याला वाट देत नाही. २०२१ ला २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, आणि त्या वेळी पातळी ज्या वेगानं वाढली ते बघून २०१९ बघितलेली माणसंही चपापली.

आमच्याकडं एक बरं आहे की कोयनेतनं सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला चांगला एक दिवस तरी जातो. हा एक दिवस म्हणजे आपली सगळी तयारी. चिपळूणकरांना तो मिळत नाही. २०२१ च्या त्याच पावसात वाशिष्ठीचं पाणी रात्रीत बाजारपेठेत शिरलं, वरून पाऊस आणि खालून भरती, लोक झोपेतनं उठले तर खाली पाणी. कोकणातल्या नद्या उतारावरच्या आणि छोट्या, तिथं आकडा बघत बसायला वेळच नसतो, तिथं पाऊस बघूनच वर जायचं. दरडींचं तर त्याहून वाईट. महाडजवळच्या तळियेला त्याच दिवशी दरड कोसळून जे झालं ते सगळ्यांना माहितीय. त्यामुळं माझं हे आकड्याचं सगळं फक्त कृष्णा पंचगंगेच्या सपाटीवरच्या लोकांसाठी, डोंगराखाली राहणाऱ्यांनी हे लावायला जाऊ नका. डोंगराला नवीन भेगा दिसल्या, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर त्याच मिनिटाला बाहेर.

कोल्हापूरचं गणित परत वेगळं. तिथं पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात, ३९ इशारा आणि ४३ धोका. आणि गंमत नाही, खरंच लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे की सांगलीत २०१९ चा पूर मोठा होता पण कोल्हापुरात २०२१ चा मोठा, २०१९ ला ५५ फुटांच्या वर आणि २०२१ ला ५६ च्या वर. त्यामुळं कोल्हापूरच्या पाहुण्यांनी "यंदा गेल्या वेळेएवढं नाही" असं फोनवर सांगितलं म्हणून आपण निवांत व्हायचं नाही, आणि उलटही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की शिरोळ तालुक्यातली, चिखली आंबेवाडीची माणसं आवराआवर सुरू करतात, त्यांचा तो इशारा. प्रत्येक गावाचा असा एक इशारा असतो, तुमच्या गावाचा कुठला ते बघा.

कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावरनं दरवर्षी भांडण पेटतं, कुणी म्हणतं फुगवटा तिथनंच येतो, कुणी म्हणतं नाही. त्यावर समिती झाली, अहवाल झाले, आणि तो प्रश्न सुटायलाच पाहिजे, नदीपात्रातली बांधकामं आणि भराव पण निघायला पाहिजेत, त्यासाठी ओरडत राहायला पाहिजे. पण ते सुटेपर्यंत आपण पुराच्या काठावरच राहतोय हे विसरून चालणार नाही.

व्हॉट्सॲपबद्दल एवढंच सांगते की "धरणाला तडा गेला", "रात्री दोन वाजता ६० फूट होणार" असले मेसेज दर पुरात फिरतात आणि त्याने म्हाताऱ्या माणसांची पळापळ होते. पातळी आणि विसर्ग जिल्हा प्रशासन आणि पाटबंधारे खातं दिवसातनं अनेकदा देतं, तेच बघायचं. सरकारचं सचेत नावाचं ॲप आहे, ते टाकून घ्या. आणि हल्ली फोनवर अचानक मोठ्ठ्याने वाजणारा सरकारी इशारा येतो ना, त्याला घाबरून तो सेटिंगमधनं बंद करू नका, आमच्या ओळखीत दोघांनी केला होता, बसवून परत चालू करायला लावला. नंबर पाठ पाहिजेत, ११२ कुठल्याही संकटाला, १०८ ॲम्ब्युलन्सला, १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला. फोनमध्ये सेव्ह असून उपयोग नाही, फोन बंद पडतो, कागदावर लिहा.

आता निघताना काय न्यायचं ह्यावर लोक भल्यामोठ्या याद्या टाकतात, मला त्या याद्या बघूनच दमायला होतं. पिशवी अशी पाहिजे की एका हातात उचलता आली पाहिजे कारण दुसऱ्या हातात पोर असतं नाहीतर म्हातारं माणूस. आमची खुंटीला टांगलेली असते जून ते सप्टेंबर. त्यात आधार, रेशनकार्ड, सातबारा, घराची कागदं, पासबुक, पॉलिसी ह्या सगळ्याच्या झेरॉक्स आणि शक्य तिथं ओरिजिनल, जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक घालून तोंडाला गाठ. डिजिलॉकरवर टाकलंच पाहिजे पण तरी कागद न्यायचा. मग औषधं, बीपी शुगरची निदान पंधरा दिवसांची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, कारण पुरात मेडिकल बंद असतात आणि लोकांना गोळीचं नाव सांगता येत नाही, "ती पांढरी छोटी" एवढंच माहीत असतं. इन्सुलिनवाल्यांनी थर्मास तयार ठेवायचा. टॉर्च, पॉवरबँक, ओआरएस, शेंगदाण्याचे लाडू आणि चुरमुरे, पोरांचा एकेक ड्रेस, बायकांनी पॅड घ्यायला विसरू नका, कॅम्पमध्ये सगळं मिळतं पण हे मागायला संकोच वाटतो. आणि रोख पैसे, सुट्ट्या नोटा. लाईट नाही म्हणजे एटीएम नाही आणि नेट नाही म्हणजे यूपीआय नाही, भाजीवाल्यापुढं फोन हलवत उभं राहून काही होत नाही.

घर सोडताना तीन कामं, आणि ही तिन्ही पाणी यायच्या आधी. एक, मेन स्विच बंद, आणि त्याबरोबर इन्व्हर्टर पण बंद. हे फार लोकांच्या लक्षात येत नाही! मेन बंद केला तरी इन्व्हर्टर घरातल्या वायरिंगला करंट देतच राहतो, आणि बॅटरी बहुतेक घरांत खाली जिन्याखाली नाहीतर जमिनीवरच असते. सोलर असेल तर त्याचंही बंद करायचं. पण पायाखाली पाणी आलं असेल तर कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, मग तो मेन स्विच तसाच राहू दे, वायरमनला फोन करून लाईनच बंद करायला सांगायची. दोन, गॅस. रेग्युलेटर काढून सिलिंडर वर नेता आला तर उत्तम, नाहीतर खिडकीच्या गजाला साखळीने नाहीतर जाड दोरीने बांधायचा कारण सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि वाहून जातो. तीन, संडास. पुराचं पाणी दारातनं यायच्या आधी चेंबरमधनं उलटं येतं, बाथरूमच्या जाळीतनं घाण वर येते. भांड्यावर आणि जाळीवर वाळूची पोती ठेवून द्यायची. वाळू नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत माती भरून.

गाड्या आधीच उंचावर नेऊन लावा, विश्रामबागेकडं पाहुण्यांकडं, ओळखीच्याच्या दारात. त्या दिवशी जागा शोधत फिरू नका.

आता जे निघत नाहीत त्यांच्याबद्दल. त्यांना नुसतं हट्टी म्हणून सोडून देणं मला पटत नाही. कुणाच्या दावणीला दोन म्हशी असतात, त्याच त्याचं महिन्याचं घर चालवतात, त्यांना टाकून तो कसा निघेल? कुणाला चोरीची भीती. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस. कुणाला कॅम्पमध्ये झोपायचा संकोच. ह्या प्रत्येकाचं उत्तर आधी काढावं लागतं. जनावरांचं तर माणसांच्याही आधी, इशारा पातळीच्या पण आधी, कारण जनावर बोटीत चढत नाही. गावात कुणाचं माळावरचं शेत आहे, कुणाचा गोठा मोठा आहे, त्याच्याशी मे महिन्यातच बोलून ठेवायचं, वैरण तिकडं टाकून ठेवायची. आणि समजा अगदीच अंगावर आलं आणि नेता आलं नाही तर एवढं तरी करा, दावं सोडा. सोडलेलं जनावर पोहून कुठंतरी लागतं, बांधलेलं जाग्यावर मरतं. २०१९ नंतर गोठ्यांत जे दिसलं ते परत कुणाला दिसू नये.

आणि उशीर झाल्यावर काय होतं ते ब्रह्मनाळला झालं. पलूस तालुक्यातलं गाव, कृष्णा आणि येरळेच्या संगमावर. ८ ऑगस्ट २०१९ ला गाव पाण्यानं वेढलेलं असताना माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. जास्त माणसं बसलेली. बायका, लहान लेकरं गेली. त्या दिवशीचा फोटो ज्यांनी बघितला त्यांना तो विसरता येणार नाही आणि मी इथं त्याचं वर्णन करणार नाही. त्या बोटीत चढलेल्या एकाचीही काही चूक नव्हती, चहूबाजूनं पाणी असताना समोर आलेली बोट कोण सोडेल. म्हणून तर म्हणते की बोटीची वेळच यायला नको, रस्ता चालू असताना चालत निघायचं. आणि तरी बोटीत बसायची वेळ आलीच तर लाइफ जॅकेट असल्याशिवाय पोराला चढवायचं नाही, बोट भरली म्हटलं की भरली, उभं राहायचं नाही, एका बाजूला सगळ्यांनी झुकायचं नाही, आणि सामान मागं ठेवायचं. एनडीआरएफची किंवा लष्कराची बोट परत येते. त्यांची माणसं सांगतील तेच ऐकायचं, त्यांच्याशी हुज्जत घालू नका, ते आपल्यासाठी पुण्याहून नाहीतर त्याहून लांबून आलेले असतात आणि कित्येक तास झोपलेले नसतात.

पाण्यातनं चालायची हौस करू नका. वाहतं पाणी घोट्याच्या थोडं वर असलं तरी माणसाचा पाय सुटतो, दोन फूट वाहतं पाणी चारचाकी ओढून नेतं. दिसायला संथ दिसतं ते पाणी. चालायलाच लागलं तर हातात काठी, पुढं टेकवत टेकवत जायचं कारण गटाराची झाकणं उघडी असतात, दोन पावलांवर माणूस दिसेनासा होतो. खांब आणि डीपीपासून लांब. आणि पुलावर सेल्फी काढायला, पूर बघायला म्हणून पोरांना घेऊन येणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, येऊ नका. तुमच्या गर्दीनं ॲम्ब्युलन्स अडते.

पाणी उतरल्यावर सगळ्यात जास्त घाई होते आणि तिथंच माणसं परत दुखावतात. चिखलाचं एक लक्षात ठेवा, पाणी उतरतं त्याच्याबरोबरच चिखल बाहेर ढकलायचा, त्याच पाण्याने, खराट्याने, घरात अजून घोटाभर पाणी असतानाच. एकदा का तो वाळला की दगडासारखा होतो, मग फावड्यानं सुद्धा निघत नाही. पण गमबूट घालून आणि काठीने आधी कोपरे ठोकून, सापविंचू माळ्यावर, कपाटात, गादीत कुठंही बसलेले असतात, तेही बिचारे जीव वाचवायलाच आलेले. साप चावला तर मांत्रिक नको, ब्लेड मारायचं नको, आवळून बांधायचं नको, सरळ सरकारी दवाखाना. साफ करायच्या आधी फोटो काढा, भिंतीवर पाणी कुठवर आलं त्या रेघेसकट, प्रत्येक वस्तूचे, पंचनाम्याला आणि विम्याला लागतात. पंचनाम्याचा माणूस येईपर्यंत सगळं धुऊन पुसून लख्ख केलेलं असलं की नुकसान दाखवायचं कुठनं? गाडी पाण्यात गेली असेल तर चालू होते का बघू म्हणून स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी ओढलं गेलं की होतं नव्हतं ते जातं, मेकॅनिककडं ओढून न्यायची. घरातला लाईट वायरमनने बघितल्याशिवाय चालू नाही.

पिण्याच्या पाण्याचं सांगायला पाहिजे कारण हे बाहेरच्यांना खरंच वाटत नाही. कोल्हापुरात दोन्ही वेळा, १९ ला आणि २१ ला, शहराला पाणी उपसणारी केंद्रंच पाण्यात गेली, म्हणजे चहूकडं पाणी आणि नळ कोरडा, लोक टँकरच्या मागं. म्हणून पातळी वाढायला लागली की पिंपं, कळशा, बाटल्या जे असेल ते भरून वरच्या मजल्यावर ठेवायचं. नंतर आलेलं पाणी उकळूनच, नाहीतर क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलंय त्या मापाने टाकून अर्धा तास थांबून. विहीर आणि बोअर ब्लिचिंग पावडर टाकून उपसल्याशिवाय नाही. पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्य, पीठ, भाजी टाकून द्या, कितीही जिवावर आलं तरी. पायाला जखम असताना चिखलात उतरू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातनं होणारा तापाचा आजार) होतो, आणि उतरलात आणि नंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर दुकानातनं गोळी आणू नका, डॉक्टरांना पुराच्या पाण्यात होतो असं आवर्जून सांगा. आणि महिना-दोन महिने घरातल्या माणसांकडं लक्ष ठेवा. पाऊस सुरू झाला की रात्री उठून बसणारी, जेवण सोडणारी माणसं मी बघितलीत, शेजारच्या काकू अजून पावसाचा आवाज वाढला की दिवा लावून दारात येऊन बसतात. त्यांना "विसरा आता" म्हणून होत नाही, सोबत बसायला लागतं आणि गरज पडली तर डॉक्टरांकडं न्यायला लागतं.

पुण्या-मुंबईत, बंगळूरला, बाहेर देशात असलेल्या आणि आई-बाबा इकडं गावभागात नाहीतर नदीकाठच्या गावात एकटे असलेल्या पोरांसाठी हे शेवटचं. आई-बाबा फोनवर कायम "काही नाही होत रे, तू काळजी करू नको" एवढंच म्हणतात, त्यांना तुम्हाला त्रास द्यायचा नसतो. तुम्ही तब्येतीचं विचारून झालं की आकडा विचारा, घराचा किती आणि रस्त्याचा किती. नसेल माहीत तर शेजाऱ्याला फोन करून काढा. गल्लीतल्या दोन धडधाकट माणसांचे नंबर तुमच्याकडं पाहिजेत आणि तुमचा त्यांच्याकडं. कुणाकडं जायचं ते ठरवा आणि त्या मावशीला किंवा आत्याला आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी म्हातारी माणसं "त्यांना कशाला त्रास" म्हणून बसून राहतात. आणि स्वतः न्यायला येणार असाल तर आयर्विनला ४० फूट व्हायची वाट बघू नका. इस्लामपूरकडनं (आताचं ईश्वरपूर) येणारा रस्ता सांगलीवाडीजवळ पाण्यात जातो, कोल्हापूरच्या बाजूला शिरोलीजवळ हायवेवर पाणी येतं, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा हायवे बंद होता आणि ट्रकच्या रांगा लागल्या होत्या. कोयनेचा विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि आयर्विनला ३५ च्या वर असेल तर त्याच दिवशी निघा, तासगावच्या बाजूनं या, आणि गाडीत मागची सीट रिकामी ठेवा, शेजारच्या आजीही येतील.